पंधरा ग्रॅमची ट्यूब तीन आठवड्यांत कशी संपली?

एका ताईंनी विचारलं आहे. प्रश्न थोडक्यात असा: मुलगी १९ वर्षांची, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन वर्षांपासून कपाळावर आणि गालांवर मुरुमं आहेत. तिथल्या डॉक्टरांनी अ‍ॅडापलिन ०.१ टक्के जेलची १५ ग्रॅमची ट्यूब लिहून दिली आणि ‘रात्री चेहऱ्याला लावायचं’ एवढं सांगितलं. तीन आठवड्यांत चेहरा लाल झाला, हनुवटीची सालं निघायला लागली, साधं पाणी लागलं तरी झोंबायचं, पुटकुळ्याही वाढल्यासारख्या वाटल्या. ट्यूब संपली म्हणून त्या दुसरी आणायला गेल्या, तर मेडिकलवाल्याने ‘ते कडक पडतंय, हे सौम्य आहे’ म्हणत वेगळंच क्रीम हातात ठेवलं. त्याने पाच दिवसांत लाली गेली, चेहरा उजळला. आता घरात दोन तट पडलेत. आत्याबाई म्हणतात जेल गरम पडलं, क्रीमच चालू ठेवा. मुलगी म्हणते जेलच बरोबर होतं. आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थोरल्या मुलीचं लग्न आहे. जेल पुन्हा लावावं का, त्याने कातडी पातळ होते का, उन्हात जायचंच नाही का, आणि लग्नापर्यंत चेहरा नीट होईल का, हे त्यांचे प्रश्न.

ताई, सगळ्या पत्रात ‘ट्यूब संपली म्हणून’ हे तीन शब्द तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थांबलो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जेलची रेघ ओढली, तर ते साधारण अर्धा ग्रॅम होतं. अख्ख्या चेहऱ्याला अ‍ॅडापलिन लागतं त्याच्या निम्मं, म्हणजे अर्धं पेर, पाव ग्रॅम. या हिशेबाने १५ ग्रॅमची ट्यूब रोज लावली तरी ६० रात्री पुरायला हवी. तुमच्या मुलीने ती २१ रात्रींत संपवली. म्हणजे रोज पाव ग्रॅमच्या जागी जवळजवळ पाऊण ग्रॅम. औषध बरोबर होतं, डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारीही सर्वांत हलकी होती. गेलं ते जवळपास तिप्पट, आणि पहिल्या रात्रीपासून रोज.

यात मुलीचा दोष फार नाही. ‘रात्री चेहऱ्याला लावायचं’ म्हटल्यावर कुणीही कोल्ड क्रीम लावावं तसंच लावणार. मी वीस-बावीस वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो आहे आणि सुरुवातीची काही वर्षं मीही चिठ्ठीवर एवढंच लिहीत होतो. एकदा ऊसपट्ट्यातल्या गावातून एक पोरगा आला. लवकर गुण यावा म्हणून तो सकाळ-संध्याकाळ ट्रेटिनॉइन (अ‍ॅडापलिनच्याच कुळातलं औषध) चोळत होता. गालांची कातडी भाजल्यासारखी झाली होती. ती लाली आठवड्याभरात उतरली, पण मागे राहिलेले काळे डाग जायला सात-आठ महिने लागले. मुरुमांनी त्याचं तेवढं नुकसान केलं नव्हतं. तेव्हापासून मी चिठ्ठी लिहून झाली की रुग्णाच्या बोटावर जेल काढून दाखवतो. दोन मिनिटं जातात, बाहेर रांग असते, तरी दाखवतो.

आधी त्या दुसऱ्या ट्यूबचं बोलू, कारण तिची घाई जास्त आहे. तुम्ही मागची तीन नावं उतरवून पाठवलीत ते फार बरं केलंत: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. हे मुरुमांचं औषधच नाही. हे वांगासाठी वापरतात, तेही थोडे आठवडे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. यातलं मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. लाली पाच दिवसांत गेली ती त्याच्यामुळे. स्टेरॉइड दाह दाबतं, रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे चेहरा गोरा आणि नितळ दिसतो. हायड्रोक्विनोन वरून रंग फिका करतं. गंमत बघा, मेडिकलवाल्याने ‘सौम्य’ म्हणून दिलेल्या या क्रीममधलं ट्रेटिनॉइन हे अ‍ॅडापलिनचंच थोरलं भावंड आहे आणि झोंबण्याच्या बाबतीत त्याच्याहून तिखट. स्टेरॉइडने तोंडावर हात ठेवलाय म्हणून ते ओरडत नाही, इतकंच.

हे क्रीम दोन-चार महिने चाललं की काय होतं ते मी आठवड्यातून कितीतरी वेळा बघतो. गालांवर लाल बारीक शिरा दिसायला लागतात, चेहऱ्यावर लव वाढते, सगळे एका मापाचे बारीक दाणे उठतात. क्रीम एक दिवस चुकलं की आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. मग ते सोडवणं म्हणजे व्यसन सोडवण्यासारखं होतं. देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षं आवाज उठवला. २०१८ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून अशी स्टेरॉइडची क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर बंदी आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्ही अनुभवलंच.

तुमच्या मुलीने पाचच दिवस लावलंय, तेव्हा आजच बंद करा, काही बिघडणार नाही. दोन-तीन दिवस थोडी लाली परत येईल, घाबरू नका. पण हे वाचणाऱ्या कुणी असं क्रीम महिनोन्महिने लावलं असेल तर त्यांनी मनाने एकदम थांबवू नये. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावं, ते उतरवत आणतील. आणि कुठलंही क्रीम घरात आलं की पुढच्या बाजूचं मोठं नाव वाचू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ते मुरुमांवर लावायचं नाही.

आता जेलकडे. अ‍ॅडापलिन, ट्रेटिनॉइन, टॅझारोटिन आणि अलीकडचं ट्रायफारोटिन ही सगळी रेटिनॉइडं, जीवनसत्त्व ‘अ’च्या कुळातली. मुरुमांवर या कुळाचा उपयोग नव्याने सापडलेला नाही. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये ट्रेटिनॉइनबद्दल लिहिलं आणि १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. (याच क्लिगमन यांच्या नावावर होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा डागही आहे. औषधाचा उपयोग मान्य करताना तो विसरू नये.) मेडिकलवाल्याच्या ट्यूबचा वंशही त्यांच्यापर्यंतच जातो: रंग फिका करण्यासाठी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड असं तिघांचं मिश्रण १९७५ मध्ये त्यांनीच सुचवलं होतं. अ‍ॅडापलिन आलं १९९६ मध्ये. ते कमी झोंबतं, प्रकाशात खराब होत नाही, आणि ०.१ टक्के जेल अमेरिकेत २०१६ पासून बारा वर्षांवरच्यांना चिठ्ठीशिवायही मिळतं. तिकडून मावशी-काका येताना घेऊन येतात ती हीच ट्यूब. वेगळी काही जादू तिच्यात नसते.

हे औषध करतं काय? रोमछिद्राच्या आतल्या भिंतीवरच्या मेलेल्या पेशी रोज झडून बाहेर यायला हव्यात. मुरुमं येणाऱ्यांत त्या चिकटून बसतात, तेलात मिसळतात आणि बूच तयार होतं. सुरुवातीला ते डोळ्यांना दिसतच नाही. त्याचा पुढे काळा ठिपका, पांढरा दाणा किंवा पू असलेली पुटकुळी होते, त्याला काही आठवडे जातात. रेटिनॉइड त्या पेशींना सुटं ठेवतं, बूच बसूच देत नाही. मोरी तुंबल्यावर तार घालत बसण्यापेक्षा जाळीवर केस साचू न देणं, असला हा प्रकार. म्हणून ते दिसणाऱ्या पुटकुळीवर टिकलीसारखं लावून उपयोग नाही, मुरुमं येतात त्या सगळ्या भागावर पातळ थर द्यावा लागतो. आणि म्हणूनच गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. आज चेहऱ्यावर जे दिसतंय त्याची सुरुवात मागच्या महिन्यात होऊन गेली आहे.

आता लावायची पद्धत. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिले सात ते दहा दिवस काहीच औषध नको. दोन्ही ट्यूब कपाटात. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश आणि साधं, वास नसलेलं, रोमछिद्रं न बुजवणारं मॉइश्चरायझर, बस. अंगाचा साबण, स्क्रब, घासणी, लिंबू, टूथपेस्ट, बेसन-हळद, मुलतानी माती, सगळ्यांना सुट्टी. पाणी झोंबायचं थांबलं, सालं निघायची थांबली, की नवी अ‍ॅडापलिनची ट्यूब उघडायची.

रात्री चेहरा धुवायचा, गार किंवा कोमट पाण्याने. स्वतःच्या टॉवेलने टिपायचा, पुसायचा नाही. मग वीस मिनिटं थांबायचं. ओलसर कातडीत औषध जास्त मुरतं आणि जास्त झोंबतं. तेवढ्यात उद्याची बॅग भरून होते. ज्यांचा चेहरा एकदा सोलला गेलाय त्यांनी आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात द्यायचा, मग जेल, मग दहा मिनिटांनी पुन्हा मॉइश्चरायझर. असं केल्याने औषधाची धार थोडी कमी होते, आणि तुमच्या मुलीला सध्या तेच हवंय. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांच्या कडा इथे आधी व्हॅसलिनचं बोट फिरवून ठेवायचं. औषध सरकून याच खाचांमध्ये साचतं आणि सगळ्यात आधी इथेच भाजतं.

मग अर्धं पेर जेल बोटावर काढायचं. रुग्णांना मी ‘वाटाण्याएवढं’ म्हणायचो. एक आजी म्हणाल्या, ‘भिजवलेला की सुका?’ बरोबर विचारलं त्यांनी. सुका. त्याचे पाच ठिपके करायचे: कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी. मग बोटांनी बाहेरच्या दिशेला पसरवायचं. लावल्यावर चेहऱ्यावर पांढरा थर दिसत असेल तर जास्त झालं. काही लावलंय असं वाटलंही नाही पाहिजे. मुली तक्रार करतात की एवढंसं पुरतच नाही. पुरतं. जास्त लावल्याने मुरुमं लवकर जात नाहीत, फक्त कातडी लवकर सोलते.

पहिले दोन आठवडे फक्त सोमवारी आणि गुरुवारी. त्रास नसेल तर पुढचा महिनाभर एक दिवसाआड. तेही सोसलं तर रोज. एक दिवसाआडच्या पुढे सरकता येत नसेल तर तिथेच राहावं, तरीही काम होतं. कधी चेहरा ताणल्यासारखा, कागदासारखा चकाकायला लागला तर दोन-तीन रात्री सोडून द्यायच्या. पुन्हा लावताना एक पायरी मागे यायचं. फारच नाजूक कातडी असेल तर अर्धा तास ठेवून धुऊन टाकायचं, असंही सुरुवात करता येते.

‘सालं निघाली म्हणजे औषध लागू पडतंय’ ही समजूत अजून जात नाही. सालं निघणं हा त्रास आहे, गुण नव्हे. गोऱ्या कातडीच्या माणसाला भाजलं तर लाली येते आणि जाते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत दाह झाला की मागे काळा डाग राहतो आणि महिनोन्महिने राहतो. म्हणून आपल्याकडे हे औषध सावकाश चढवण्याला जास्त महत्त्व आहे.

पुटकुळ्या वाढल्या त्याचं काय? काही जणांना दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, एरवी जिथे यायच्या तिथेच, थोड्या जास्त पुटकुळ्या येतात. आतली बुचं एकदम वर येतात म्हणा. सगळ्यांना असं होत नाही, आणि झालं तरी औषध सोडायचं कारण नाही. पण पापण्या सुजल्या, खाज सुटली, पाणी पाझरायला लागलं, किंवा आधी कधी मुरुमं नव्हती अशा जागी लाल चट्टे उठले तर तो प्रकार वेगळा. तेव्हा औषध बंद करून दाखवायलाच हवं. तुमच्या मुलीच्या वर्णनावरून मला दाहच जास्त वाटतो, पण पत्रावरून मी शंभर टक्के सांगणार नाही.

कातडी पातळ होते का, हा प्रश्न मला रोज विचारतात. स्टेरॉइडने होते. रेटिनॉइडने अगदी वरचा मेलेल्या पेशींचा थर थोडा बारीक आणि घट्ट होतो, त्याखालचा जिवंत थर उलट जाड होतो, आणि महिनोन्महिने लावत राहिल्यास आणखी खाली कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तेही वाढतं. म्हातारपणाच्या सुरकुत्यांवर ट्रेटिनॉइन लावतात ते उगाच नाही. दोन ट्यूबची गल्लत होऊन बदनामी मात्र रेटिनॉइडच्या पदरी पडली. ‘गरम पडलं’ याबद्दल आत्याबाईंशी मी वाद घालणार नाही. झोंबलं ते खरंच आहे, शब्द त्यांचा आहे.

ऊन. कॉलेज सोडून घरात बसायची गरज नाही. वरचा थर बारीक आणि नाजूक झाल्याने ऊन जास्त लागतं, म्हणून औषध रात्री लावायचं. ट्रेटिनॉइन असेल तर दुसरंही कारण आहे, ते प्रकाशात फुकट जातं. सकाळी एसपीएफ ३० किंवा जास्तचं, जेल प्रकारचं सनस्क्रीन लावायचं, चेहरा आणि गळा मिळून दोन बोटं भरून. लोक नेमकं उलटं करतात: जेल दोन बोटं आणि सनस्क्रीन वाटाण्याएवढं. पुण्यातल्या पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फने बांधतात. उन्हासाठी चांगलंच आहे, पण तो स्कार्फ आठ-आठ दिवस डिकीतच पडलेला असतो. घामट, धुळीचा कापड गालावर घासला की हनुवटी आणि जबड्याच्या रेषेवर पुटकुळ्या उठतात. सुती घ्या, चार ठेवा, रोज धुतलेला बांधा. हेल्मेटच्या पट्ट्याचंही तेच.

आणि तेल. शनिवारी रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपायचं, ते उशीवरून कपाळावर उतरतं, मग कपाळभर बारीक दाणे. केसांचं तेल मी बंद करायला सांगत नाही, माझ्याच घरात ऐकणार नाहीत. धुवायच्या आधी दोन तास लावा आणि धुऊन टाका. चेहऱ्याला मात्र खोबरेल नको.

सोबत काय चालतं? पू असलेल्या पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्टर अ‍ॅडापलिनसोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात, एकाच ट्यूबमध्येही मिळतं. अ‍ॅडापलिन त्याच्याबरोबर टिकतं. साधं ट्रेटिनॉइन एकाच वेळी लावलं तर खराब होतं, म्हणून ते रात्री आणि पेरॉक्साइड सकाळी. पेरॉक्साइडने कपड्याचा रंग उडतो. पांढरं उशीचं कव्हर वापरा आणि ओढणी जपा, नाहीतर बोलणी मला बसतात. क्लिंडामायसिन हे लावायचं अँटिबायोटिक नुसतं महिनोन्महिने लावू नये, जंतू दाद देईनासे होतात. इंटरनेटवर मागवलेली रेटिनॉल सिरमं, ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, क जीवनसत्त्व हे सगळं पहिले तीन महिने बाजूला ठेवायला सांगा. रेटिनॉल हे त्याच कुळातलं सौम्य रूप आहे, कातडीत जाऊन त्याचं आम्ल व्हावं लागतं. दोन्ही एकत्र लावून फायदा दुप्पट होत नाही, झोंबणं मात्र होतं.

थोरलीचं लग्न आहे म्हणून एक मुद्दाम सांगतो. बहिणी-बहिणी ट्यूब वाटून वापरतात. थोरलीला लग्नानंतर लगेच मूल हवं असेल किंवा दिवस जायची शक्यता असेल तर तिने हे जेल वापरू नये. कातडीतून रक्तात फारच थोडं जातं आणि चुकून लावल्याने बाळात दोष वाढल्याचं आतापर्यंतच्या अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. म्हणून न कळत लावलं गेलं असेल तर घाबरून टोकाचा निर्णय घेऊ नये, बंद करावं आणि डॉक्टरांना सांगावं. तरी गरोदरपणात ही औषधं टाळायचीच असा नियम आहे, टॅझारोटिन तर पूर्ण वर्ज्य. याच कुळातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी ही वेगळीच गोष्ट. ती बाळाला गंभीर इजा करते. ती घेताना आणि बंद केल्यावरही महिनाभर दिवस राहता कामा नयेत, आणि त्या काळात रक्तदानही करायचं नाही. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घेतली, असं कुणी सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

लग्नापर्यंत काय होईल? आज सप्टेंबरचा पहिला आठवडा. दहा दिवस विश्रांती, मग सुरुवात, म्हणजे लग्नाला साधारण बारा आठवडे मिळतात. नेमके तेवढेच लागतात. ऑक्टोबरच्या मध्यात ‘काहीच फरक नाही’ असं वाटेल, तेव्हा सोडू नका. तिथेच बहुतेक जण सोडतात. डिसेंबरपर्यंत नव्या पुटकुळ्या बऱ्याच कमी व्हाव्यात. जुने काळे डाग पूर्ण जाणार नाहीत, त्याला अजून काही महिने द्यावे लागतील, आणि खड्डे पडले असतील तर ते जेलने भरत नाहीत. चेहऱ्यावर वॅक्सिंग, ब्लीच किंवा वरच्या ओठाचं थ्रेडिंग करायचं असेल तर आधी आठवडाभर जेल बंद. वॅक्सची पट्टी ओढताना कातडीच निघून आलेल्या दोन नवऱ्या मी बघितल्या आहेत, एक तर हळदीच्या आदल्या दिवशी. हळद चालेल, पण ती लावतात तेव्हा अंगात आलेल्या मावश्या-काकवा गालावर खसाखसा चोळतात, त्यांना आवरा. त्या आधीच्या तीन-चार रात्रीही जेल नको.

लग्न झाल्यावर ‘चेहरा साफ झाला, आता काय’ म्हणून थांबवू नका. बुचं पुन्हा बसायला लागतात. एक दिवसाआड किंवा आठवड्यातून दोन-तीनदा बरेच महिने चालू ठेवतात. किती, ते तिचे डॉक्टर ठरवतील.

त्यांना एकदा दाखवून घ्याच, दोन्ही ट्यूब खोक्यांसकट घेऊन. बारा आठवडे नीट लावूनही फरक नसेल, खोल दुखऱ्या गाठी येत असतील, खड्डे पडायला लागले असतील तर नुसत्या जेलवर वेळ घालवायचा नाही. पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीने होणाऱ्या बीजकोशाच्या विकाराची, तपासणी करावी लागेल. कपाळावर आणि छातीवर एकसारखे, खाजणारे बारीक दाणे असतील, विशेषतः त्या स्टेरॉइडच्या क्रीमनंतर, तर ते बुरशीचं असू शकतं आणि तिथे अ‍ॅडापलिनने भागत नाही.

नवी ट्यूब उघडाल तेव्हा तिच्यावर बॉलपेनने त्या दिवसाची तारीख लिहून ठेवा, फक्त मुदतीची तारीख झाकू नका. सांगितलंय तसं चाललं तर दिवाळीच्या सुमाराला ती निम्म्याच्या आसपास उरलेली असावी. त्याआधीच गुंडाळत गुंडाळत तोंडापर्यंत आली असेल, तर एका शनिवारी पोरगी घरी आली की तिला आरशासमोर उभं करा आणि ती बोटावर किती काढते ते बघा.